फळ्यावरचा ग्लास

९ मार्च, सोमवार

माझ्या हातचं — चाळीचा फळा. बंद पडलेल्या गिरणीच्या दाराची सागवानी फळी, तासून, घासून गुळगुळीत. त्यावरचा काळा रंग — काजळी आणि डिंक, प्रमाण कोणाला सांगत नाही. वरचं पत्र्याचं छप्पर. खडू धरायची पितळी चिमटी. आणि अक्षर! कुठल्या आर्ट स्कूलची पायरी चढलो नाही. परळ-लालबागच्या दुकानांच्या पाट्या बघत शिकलो, पुढे पाट्याच रंगवल्या. मग फ्लेक्स आले. आता शिवडीच्या गोदामात पिंपांवर नंबर टाकतो. पण फळा माझा!

आज विषय पाण्याचा. दुपारी वॉर्ड ऑफिसातल्या पाणीवाल्या साहेबांचा फोन. "चाळीचे सेक्रेटरी ना तुम्ही? तुमच्या नळाचा नमुना फेल गेला. गटार मिसळतंय. आत्ताच्या आत्ता सगळ्यांना कळवा. उकळून प्या म्हणावं. सकाळी भरलेलं ओता म्हणावं. लहान मुलं, म्हातारे, गरोदर बायका — त्यांना आधी."

आत्ताच्या आत्ता म्हणजे काय खरडायचं? आधी निळी किनार. मग मथळा — सावलीसकट. उजवीकडे ग्लास. काचेवर उजेड, आत निवळशंख पाणी, काठावर एक थेंब. थेंब तीनदा पुसला, चौथा जमला. दिवे लागले तेव्हा फळा टांगला.

बायकोचं, मायाचं सुरूच — "अहो, मी दारोदार सांगून आले असते तर एव्हाना अख्खी चाळ झाली असती."

म्हटलं, लेखी ते लेखी.

आमच्याकडे तिने पाणी उकळायला ठेवलं.

१० मार्च

फळ्यापुढे सकाळपासून गर्दी!

तळमजल्याचा बुद्धभूषण — "जय भीम दादा! एक नंबर! स्टेटसला टाकला." रामजीमामांनी चष्मा कपाळावर सारून थेंबाखाली हात धरला. "पडंल रे हा आता!" चंपामावशी निळी किनार बघून म्हणाल्या, "जयंतीचं काम यंदा लौकर काढलंस?" मी नुसता हसलो. खुशीत होतो. खोटं कशाला लिहू.

संध्याकाळी प्रिती कामावरून आली. दुसऱ्या मजल्यावरच्या विकासची बायको. सातवा महिना. "काका, काय ग्लास काढलाय! बघूनच तहान लागली." आणि जिना चढून वर गेली.

मी म्हटलं, "थँक्यू, बाळा."

११ मार्च

प्रितीला उलट्या-जुलाब. विकासने पहाटेच टॅक्सीत घालून इस्पितळात नेली. जाताना जिन्यातून ओरडला — "काका, तो बोर्ड पाणी वाचवायचा होता ना?"

फळ्यापुढे जाऊन उभा राहिलो. काल बघत होतो, आज वाचला. वर हातभर अक्षरात 'पाणी'. खाली 'सर्व रहिवासी बंधू-भगिनींस सविनय कळविण्यात येते की'. त्याखाली पालिका, नमुना, अहवाल. आणि 'उकळून' कुठे? अगदी तळाला, जागा पुरली नाही म्हणून मुंगीएवढं! गरोदर बायकांचं तर राहूनच गेलेलं. शेजारी ग्लास — असा लखलखीत की कोणाचाही हात माठाकडे जावा. अख्ख्या चाळीला मीच पाजलं!

माझ्या मागे माया येऊन उभी होती. घरात गेली, थाळी आणि लाटणं घेऊन गॅलरीत आली. ढण् ढण् ढण्! "नळाला गटार आलंयऽऽ! उकळून प्याऽऽ! भरलेलं ओताऽऽ!"

तिन्ही मजल्यांवर पिंपं कलंडायला लागली. चंपामावशी कळशी ओतता ओतता माझ्यावर — "मग तसं सांगायचं ना मेल्या! नक्षी कसली काढत बसलास!" रामजीमामा म्हणाले, "मी तर त्या थेंबाच्या नादात दोन तांबे प्यालो रे." त्यांचं पोट दगडाचं, काही झालं नाही.

ओल्या फडक्याने फळा पुसला. किनार गेली, मथळा गेला. ग्लास पुसताना जरा हात अडखळला. पुसला.

मग लिहिलं, ठोकळा अक्षरात —

नळाचं पाणी पिऊ नका.
उकळा, मगच प्या.
भरलेलं ओता.
गरोदर, मुलं, म्हातारे — जास्त जपा.

सावली नाही. 'ळ'ला सावली द्यायला बोटं नुसती शिवशिवत होती — चिमटी खिशात टाकून निघालो.

१२ मार्च

विकासचा फोन. प्रिती सलाइनवर. बाळाचे ठोके चांगले आहेत. दुपारचा डबा तसाच परत आणला.

१४ मार्च

प्रिती घरी आली! चेहरा उतरलाय, तोंड शाबूत आहे. "काका, आता फळ्यावर जिलबी नका काढू हं, साखर तपासून यावं लागेल." तिची सासू धरून सगळी हसली. मीही. थोडा उशिरा.

पालिकेने गल्लीत खणलं. मी कडेला उभाच होतो. शेजारच्या टॉवरचा पाया खणताना मशीनचा दात लागून आपला पाइप चिरलाय. बाजूलाच गटाराची लाइन. चीर टॉवरवाल्यांना दिसली होती! सायकलची ट्यूब गुंडाळून, वर माती लोटून मोकळे झाले. ट्यूब मी स्वतः हातात घेऊन बघितली.

साहेबांना विचारलं, हे लिहू? म्हणाले, "लिहाच. काय करायचं ते सांगितलंत, कशामुळे झालं तेही लोकांना कळू दे. आणि आम्ही पाणी चांगलं आहे म्हणून कळवू, तोपर्यंत फळा उतरवू नका."

खाली दोन ओळी वाढवल्या —

टॉवरच्या खोदकामात पाइप चिरला.
त्यांनी तो ट्यूब गुंडाळून पुरला.

१५ मार्च

नवा पाइप बसला. नमुना परत घेऊन गेलेत. अजून उकळतोय. बुद्धभूषणने आजचा फळाही स्टेटसला टाकला. लाइक कमी, पण गल्लीतल्या इतर चाळींतून आठ-दहा जण वाचायला येऊन गेले. वाचायला!

१६ मार्च

टॉवरचा माणूस घरी आला होता. चहा घेतला — उकळलेल्या पाण्याचा आहे ना, विचारून. म्हणाला, अक्षर फार सुंदर, आमच्या साइटवरच्या सगळ्या पाट्या तुम्हीच रंगवा, हाताने, ब्रशने, वर्षभर. खालच्या दोन ओळी तेवढ्या पुसा. सहा लाख.

नाही म्हटलं.