मॅक्लाउडच्या तिघी

मिरा रोड,
२० ऑगस्ट १९९१

श्री. दाजी यांस गुणवंतचा साष्टांग नमस्कार. ताईचा गुडघा बरा असेल आणि तुमचा रक्तदाब आटोक्यात असेल अशी आशा करतो. (नसल्यास हे पत्र आधी ताईने वाचावं.)

इकडे पाणी एक दिवसाआड येतं, बाकी क्षेम. ते क्षेम गेल्या सोमवारी संपलं. आमच्या अभिनवचं बोटीवरून हवाई पत्र आलं. सौ. सुचेताने मोठ्याने वाचलं : 'स्कॉटलंडच्या स्काय बेटाशी आलोय. काल मॅक्लाउडच्या मुली बघितल्या. तिघी ओळीने उभ्या, सगळ्यांत उंच ती आई. बघतच राहिलो! उद्या डोंगर चढून स्टॉरच्या म्हाताऱ्याला भेटणार.' दाजी, तुमची पुतणी मृणालिनी याच्यासाठी ठरलेली, साखरपुडा दसऱ्याला, आणि हा गडी परदेशात मुली बघतोय! तेही आईसकट! म्हाताऱ्याला भेटणार म्हणजे बोलणी आजोबांपर्यंत पोचली. आमच्या आईने अंथरूण धरलं. (दुसऱ्या दिवशी उठून 'ती पातळ नेसेल का गं?' असं सुचेताला विचारू लागली.) माझं डोकं तुम्हाला ठाऊक आहेच. त्याच तिरमिरीत मी अभिनवच्या त्या ओळी जशाच्या तशा उतरवून मिरजेला तुमच्या भावाला लिहून टाकलं, की आमचा मुलगा तुमच्या मुलीच्या लायकीचा नाही, लग्न मोडलं समजा.

काल माझ्या ऑफिसातला उत्तनचा सेबॅस्टियन (पूर्वी बोटीवर खलाशी होता) घरी आला. श्रावण म्हणून मासळीऐवजी केळी घेऊन. त्याला हे दुःख वाचून दाखवलं, तर तो हसून हसून सोफ्यावरून घसरला. "अरे गुणवंत, त्या पोरी न्हाय, दगड हाय! समुद्रातले सुळके! म्हातारा पण दगडच हाय, डोंगरावरचा!" दाजी, मला इतका आनंद झाला की मी त्याला केळ्यांसकट मिठी मारली. आई मात्र जरा हिरमुसली.

लोभ आहे, तो हे वाचूनही टिकावा.

तुमचा मेहुणा,
गुणवंत

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. राख्यांच्या गर्दीत टपाल तुंबतं, तेव्हा माझं ते पत्र अजून वाटेवर असेल. मिळेल त्या एसटीने मिरज गाठा, भावाच्या दारात बसा आणि पोस्टमनला अडवा. पोरगी हातची गेली तर अभिनवला मी तोंड दाखवू शकणार नाही.

ता. ता. क. जाऊ नका! पाकीट चिकटवताना मृणालिनीचंच पत्र आलं. ती शाळेत भूगोल शिकवते हे आम्ही विसरलोच होतो. लिहिते : 'तुमचं पत्र बाबांना दाखवलं नाही, सातवीच्या वर्गात वाचून दाखवलं. मुलगा पसंत आहे. लग्नानंतर घरातली पत्रं मात्र मी वाचणार.'