उजव्या हाताला गार लागत नाही

४ जून, बुधवार

उजव्या करंगळीखाली फोड आलाय. चांगला टपोरा, पाणी भरलेला. कधी भाजलं? कशाने भाजलं? काही म्हणजे काही आठवत नाही!

दुपारी दातांच्या डॉक्टरीणबाईंची तळलेल्या आइस्क्रीमची ऑर्डर केली, तेव्हाच तेल उडालं असणार. पण तेल उडालं की माणूस ओरडतं, हात झटकतं, कढईला चार शिव्या घालतं. मी यातलं काहीच केलं नाही. चक्क गुणगुणत होते.

नवरा म्हणाला, "झोपेत तळत होतीस की काय?" हसला. मीही हसले. मलम लावून टाकलं.

५ जून, गुरुवार

सकाळपासून तोच किडा डोक्यात.

गोळे करायला बसले. नेहमीचंच काम — दगडासारखा गोठलेला आइस्क्रीमचा गोळा घ्यायचा, त्याला केकचा पातळ काप गुंडाळायचा आणि उघड्या तळव्याने दाबत दाबत जोड मिटवायचा. मग पातळ पीठ, वरून बिस्किटाचा चुरा, परत फ्रीजरमध्ये. जोड कुठे उघडा राहिला की मेलात! तेलात आइस्क्रीम बाहेर येतं आणि कढई थयथयाट करते. हातमोजे घातले की जोड बोटांना कळत नाही, म्हणून मी मोजे घालत नाही.

नणंदेने एकदा हौसेने करून बघितलं होतं. दुसऱ्याच गोळ्याला "वहिनी, मेले गं! मेंदूपर्यंत कळ गेली!" म्हणत मोरीकडे पळाली. तेव्हापासून सगळ्यांना सांगत सुटलीये — आमच्या वहिनीच्या हातात जादू आहे, तिला गारच लागत नाही. ऑर्डरी आणते तीही हेच सांगून. आणि मी फुशारून जाते. गेले कित्येक महिने जातेय.

आज मुद्दाम गोळा डाव्या हातात धरला. बाप रे! टाकलाच. मग उजव्या हातात धरला. गुळगुळीत आहे, कळलं. जड आहे, कळलं. ओला आहे, तेही कळलं. गार आहे हे नाही कळलं. डोळे मिटून पुन्हा धरला. नाहीच. अंगठ्याला जरासं काहीतरी, बाकी बोटं नि तळवा — शून्य!

गोळा वितळून कोपरापर्यंत ओघळ आले तरी मी तशीच बसलेली.

६ जून, शुक्रवार

मोबाइलवर शोधलं. थोडंसं वाचलं आणि मोबाइल पिठाच्या डब्यावर पालथा घातला. कारणं बरीच दिली होती. नस दबली असेल, साखर असेल, जीवनसत्त्व कमी असेल. पण माझा डोळा नेमका एकाच शब्दावर गेला. ज्या आजाराचं नाव काढलं की लोक लांब सरकून बसतात, तो. इथेसुद्धा लिहिणार नाही. लिहिलं की खरं होईल असं वाटतं. वेडेपणा आहे, माहितीये. तरी नाही लिहिणार.

७ जून, शनिवार

नणंद नाचतच आली. फ्रीजच्या दुकानदाराने निरोप धाडलाय — येत्या रविवारच्या पुढच्या रविवारी त्याच्या दुकानात नवीन फ्रीजर मांडणार, तिथे मी लोकांसमोर आइस्क्रीम तळून दाखवायचं. फोनवर मलाही बोलला. "बाई, हातमोजे वगैरे नकोत हं. लोकांना तुमचे हात बघायचेत. तुमच्या नणंदेने फार वर्णन केलंय."

हो म्हणाले. काय म्हणणार होते? नाही म्हटलं असतं तर "का?" आलं असतं. त्या "का?"चीच भीती वाटते.



८ जून, रविवार

आज जे झालं ते लिहिताना अक्षर वाकडं येतंय.

खारूला आंघोळ घालायची होती. (दिसेल ते गालात कोंबते म्हणून तिचा बाप तिला खारू म्हणतो. आठ वर्षांची झाली तरी खारूच.) बादलीत गरम पाणी काढलं, थोडं गार घातलं, नेहमीसारखा हात बुडवून बघितला. ठीक वाटलं. "ये गं," म्हटलं. तिने पाय घातला आणि अशी किंचाळली, अशी किंचाळली...

पाऊल लालबुंद. फोड आला नाही, देवाची कृपा. गार पाण्याखाली धरून ठेवलं. तिचा बाप धावत आला, पाण्यात बोट घातलं आणि चटकन मागे घेतलं. "अगं, उकळतंय हे! लक्ष कुठे असतं तुझं?"

"अंदाज चुकला," मी म्हणाले.

अंदाज! उजवा हात मनगटापर्यंत घालून बघितला होता मी.

आता मला माझ्याच हाताची भीती वाटते. याच हाताने तिचं दूध कोमट आहे का बघते. ताप आला की याच हाताने कपाळ बघते. इतके दिवस काय बघत होते मी?

१० जून, मंगळवार

दवाखान्यात जाऊन आले. घरी सांगितलं, बिस्किटं आणायला चाललेय. लांबच्या दवाखान्यात गेले. ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून तोंडावर ओढणी. चोरी करायला निघाल्यासारखी!

डॉक्टर पोरसवदा होती, पण शांत. म्हणाली, "घाबरू नका. कारण काहीही निघालं तरी बहुतेकांवर औषध आहे. फक्त वेळेत यायला हवं. उशीर झाला की हात वाचवणं अवघड होतं."

मग काचेच्या दोन नळ्या आणल्या. एकीत गरम पाणी, एकीत गार. "डोळे मिटा. हाताला लावते. गरम की गार, सांगा."

आणि मी काय केलं? डोळे किलकिले ठेवले. गरम नळीवर वाफ धरली होती, दिसत होतं. "गरम," म्हणाले. "गार." "गार." "गरम." सगळी बरोबर! पुढे सुई लावली. स्पर्श कळतो, तेवढ्यावर दर वेळी "टोचतंय, टोचतंय" म्हणत राहिले. वर एकदा "आई गं!"सुद्धा केलं.

ती म्हणाली, "तसं ठीक वाटतंय. रक्त तपासून घेऊ. फोड पुन्हा आला तर लगेच या."

बाहेर येऊन बाकावर बसले. पास झाले! शाळेत कधी कॉपी केली नाही, ती इथे केली. गाढव कुठली! स्वतःचाच हात पणाला लावून कुणाला फसवलं मी?

पण तिने तो शब्द कागदावर लिहिला असता तर? मग नवऱ्याला कळलं असतं, नणंदेला कळलं असतं. नणंदेला कळलं म्हणजे सगळ्यांना कळलं. मग माझ्या हातचं कोण खाणार? खारूला कोण आपल्या घरी खेळायला बोलावणार? बाकावर बसल्या बसल्या हे सगळं एकदम डोक्यात आलं.

येताना बिस्किटं आणायची विसरले. नवऱ्याने विचारलं. "संपली होती," म्हटलं. एक खोटं बोललं की मागे पोरंबाळं घेऊनच येतं ते.

११ जून, बुधवार

रक्त द्यायला गेले नाही.

१२ जून, गुरुवार

आता सगळं डाव्या हाताने चालू आहे. दूध डाव्याने, आंघोळीचं पाणी डाव्याने, खारूचं कपाळ डाव्याने. डावा गाल लावून बघते कधीकधी. गोळे मात्र डाव्याने जमत नाहीत. चार फोडले.

नाटक करायचं ठरवलं. नणंद समोर बसली होती तेव्हा गोळा हातात घेऊन म्हटलं, "हाय हाय, किती गार!" आणि हात झटकला. तिला फारसं काही वाटलं नाही. पण नवरा चहा पिता पिता थांबला. "तुला कधीपासून गार लागायला लागलं?"

"वय झालं," म्हटलं.

"कालपरवापर्यंत तर नव्हतं झालं," म्हणाला आणि हसला. पण बघत राहिला. मी भांडी घासायला घेतली.

१४ जून, शनिवार

उद्या दुकान. आज घरी तालीम केली.

तेलाला मी कधी घाबरले नव्हते. माहेरी सगळे म्हणायचे, ही कढईशी भांडेल पण मागे हटणार नाही. आज झारा लांबून धरला, दंड ताठ, तोंड फिरवलेलं. एका गोळ्याचा जोड उघडा राहिला होता. तेलात सोडल्या सोडल्या फस्सकन फेस वर आला, कढईच्या काठापर्यंत! गॅस बंद केला. मागे सरले ती ओट्यापासून थेट दारापर्यंत. मग पहिलं काम म्हणजे उजवा हात उजेडात नेऊन उलटसुलट बघितला. भाजलंय का? दिसल्याशिवाय मला कळणार नाही ना.

खारू दारात उभी. "आई, तू घाबरलीस?"

"नाही गं, तेल जरा वैतागलं होतं."

"मी शाळेत सांगितलंय सगळ्यांना. माझ्या आईला गारच लागत नाही म्हणून. कुणाच्याच आईचं असं नाही."

तिच्या गालात बिस्किट होतं. डोळ्यांत एवढं कौतुक, की मला तिच्याकडे बघवेना.

१५ जून, रविवार

झालं एकदाचं. नीट झालं हेच वाईट झालं.

दुकान खच्चून भरलेलं. गोळे छान तळले गेले, सोनेरी, आतून टणक. लोक चमच्याने फोडून "अरे वा, आत गारच की!" करत होते. तिथवर ठीक. मग त्या दुकानदाराच्या अंगात आलं. "चला, बाईंशी पैज! गोळा हातात धरायचा, कोण जास्त वेळ टिकतं बघू."

पहिलवानासारखा एक माणूस आला. दात ओठ खाऊन उभा राहिला आणि "नको रे बाबा" म्हणून गोळा ताटात टाकला. दोन कॉलेजच्या मुली किंचाळत पळाल्या. मी उभी. माझ्या हातात गोळा. मी मनात म्हणत होते, आता टाक, आता टाक, आता तोंड वाकडं कर. पण लोक बघत होते आणि मला कळेचना, नेमकं कधी टाकायचं असतं! गार लागलं की टाकतात. मला कुठून कळणार?

टाळ्या. दुकानदार ओरडला, "बघा हा हात!" माझा हात धरून वर केला. पहिल्या रांगेत खारू उड्या मारत होती. "माझी आई! माझी आई आहे ती!"

आता त्याला दर रविवारी हवी आहे मी. नणंदेने होसुद्धा म्हणून टाकलं.

घरी येऊन मोरीत बसून रडले. नळ सोडून, म्हणजे आवाज जायला नको.

१६ जून, सोमवार

दुसरा फोड. मधल्या बोटावर. हाही कळला नाही. "लगेच या," म्हणाली होती ती डॉक्टर.

१७ जून, मंगळवार

संध्याकाळी स्वयंपाकघरात गेले तर खारू फ्रीजरपाशी उभी. दोन्ही मुठींत एकेक गोळा. "आई, बघ! मलापण गार लागत नाही!"

हिलाही? माझ्यामुळे? पण तिची हनुवटी थरथरत होती, बोटं लालभडक झाली होती आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. लागत होतं तिला! सगळं लागत होतं! मी तिची बोटं एकेक करून उघडली, गोळे फेकून दिले, हात पोटाशी धरले. "अगं वेडे, लागतंय ना? मग रड की मोठ्याने!"

"तुला नाही लागत म्हणून सगळे टाळ्या वाजवतात," ती हुंदके देत म्हणाली.

"टाळ्या चुकीच्या होत्या गं. मला लागत नाही कारण माझा हात बिघडलाय. आईचा हात आजारी आहे."

बोलून गेले. मोठ्याने. मागे वळले तर नवरा दारात, पायातले बूटही काढले नव्हते. आला आणि माझा उजवा हात दोन्ही हातांत धरला. त्याचे हात गरम होते की गार, मला कळलं नाही. तेही सांगितलं.