कुटुंबाची आध्यात्मिक वाढ

२ फेब्रुवारी, रविवार
चर्च बदलायचं ठरलं. म्हणजे मी ठरवलं. चर्चच्या वर्धापनदिनाचं शास्त्रवाचन यंदा माझ्याऐवजी दातांच्या डॉक्टरांना दिलं, त्याचा याच्याशी काडीचाही संबंध नाही. कुटुंबाची आध्यात्मिक वाढ खुंटली होती. आई म्हणाली, या वयात माझी आणखी किती वाढ करतोस?

९ फेब्रुवारी
नवं चर्च. ड्रम, गिटार, टाळ्या. आई कानांत कापूस घालून बसली. मुलगी मात्र उड्या मारत गात होती. एवढा उल्लास बरा नव्हे. नामंजूर.

१६ फेब्रुवारी
तिसरं चर्च. इथे उलट. इतकी शांतता, की माझ्या पोटातली गुरगुर पुढच्या बाकापर्यंत गेली. आमची ही खूश. म्हणाली, कितीतरी दिवसांनी कुणी मला काही समजावून सांगितलं नाही. पण निघताना, उपदेश करणाऱ्या पाळकांनी माझा हात फारच लवकर सोडला. नामंजूर.

१९ फेब्रुवारी, बुधवार. दुकानात.
गिऱ्हाइकाच्या चष्म्याचा नंबर काढताना एकदम सुचलं. प्रभू काय इमारतीत राहतो? उपासना घरीच! मुलीने विचारलं, बाबा, आपल्या चर्चमध्ये आणखी कोण येणार? म्हटलं, गर्दी बघू नये, दर्जा बघावा.

२३ फेब्रुवारी
पहिली घरगुती उपासना. भव्य. वाचन मी, गीत मी, उपदेश मीच. विषय : नम्रता. ही मध्येच गॅस बंद करायला उठली, ती आलीच नाही. आईने डोळे मिटले होते. भक्तीत असावी. थोडी घोरत होती.

२ मार्च
मुलगी जेवणाआधी प्रार्थना करेना. म्हणाली, तुम्हीच करा बाबा, तुम्हाला आवडते ना. पूर्वी ती कुत्र्याच्या दुखऱ्या पायापासून शेजारणीच्या खोकल्यापर्यंत सगळं देवाच्या कानावर घालायची. ताटं निवून जायची. आज वरण गरम होतं. बरं वाटायला हवं होतं.
उपाय : उपदेश वाढवणे.

८ मार्च, शनिवार
हिने जाहीर केलं, आम्ही तिघी चर्च बदलतोय. शाळेच्या हॉलमध्ये भरतं, तिथे जाणार. कारण विचारलं. म्हणाली, आध्यात्मिक वाढ. आईने पुस्ती जोडली, आणि तिथले पाळक वेळेत थांबतात.
जाऊ देत. येतील परत.

९ मार्च
उपासना वेळेवर सुरू. हजर : मी. उपदेश सुरू केला आणि मलाच जांभया. हवामानाचा परिणाम.
मग पाय मोकळे करायला निघालो. पाय शाळेकडे वळले, त्याला मी काय करणार? हॉलमध्ये मुलगी उभी राहून प्रार्थना करत होती. भूगोलाचा पेपर झाला, हॉलचा बिघडलेला पंखा झाला, मग यादीत मी आलो. देवा, बाबा घरी एकटेच बोलतायत, जरा ऐकून घे. सगळे आमेन म्हणाले. सर्वांत मोठ्याने आई.
डोळ्यांत काहीतरी गेलं. धूळ फार आहे तिथे.
दाराशी एका बाईंनी हात पुढे केला, पहिल्यांदाच आलात का? मी माझा एकूण अनुभव सांगणार, तोच ही मागून आली. म्हणाली, हो, नवीनच आहेत. सांभाळून घ्या.