दोरीचा मान

११ तारीख, सकाळी ६.१०
आजपासून रागावणं बंद. प्रजासत्ताक दिनाला पंधरा दिवस उरले. झेंड्याची दोरी यंदा माझ्या हातात येणार. आजोबांनी गच्चीवर लोखंडी पाइप उभा केला, तेव्हापासून दोरी घरातल्या मोठ्याने ओढायची ही आमची रीत. बाबांचे खांदे आता वर उठत नाहीत. त्यांच्यानंतर मोठा मीच. विषय संपला. बायको म्हणाली, आधी पंधरा दिवस कुणाच्या अंगावर जाऊ नका. तिला थट्टेची सवय आहे.

११ तारीख, संध्याकाळी
ऑफिसच्या पार्किंगमध्ये एकाने गाडी आडवी लावली. मी सिक्युरिटी सुपरवायझर, बोलणं भागच होतं. बोलता बोलता त्याचा आरसा फुटला. नाक त्याचं आधीपासूनच वाकडं असावं. संकल्प उद्यापासून धरावा.

१५ तारीख
चार दिवसांत कुणालाही हात लावला नाही. घरीच आहे. (सस्पेन्शन ही पण रजाच.) भाषण तयार केलं. विषय : एकोपा. बाथरूममध्ये मोठ्याने म्हणून पाहिलं. शेजाऱ्याने भिंत ठोकली. मीही ठोकली. त्याच्या बाजूचं प्लास्टर पडलं म्हणे. बिल्डिंग जुनी आहे.

१९ तारीख
घात! जेवताना बाबांनी जाहीर केलं, दोरी यंदा धाकटा भाऊ ओढेल. का? तर दरवर्षी पाइप घासून रंग तो देतो. आणि म्हणे, मी पुढे आलो की लोक दोन पावलं मागे सरकतात. मी शांतपणे ताट बाजूला सारलं. ते भिंतीपर्यंत गेलं.

१५ तारीख
धाकट्याला समजावायला गच्चीवर गेलो. पाइपला रंग देत होता. म्हणाला, दादा, मला कसली हौस नाही, तू बाबांनाच सांग. डोकंच फिरलं. हौस नसलेल्याला मान! रंगाचा डबा भिरकावला, तो त्याच्या तोंडावर बसला. त्याने मला खाली पाडलं. मी त्याला उचलून पाइपवर आपटलं, पाइप बुडापासून हलला. मग त्याचा उजवा हात माझ्याकडून जरा जास्त पिरगळला गेला. कट्‌कन आवाज झाला. लहानपणी रडायचा तसाच रडला. पण आधी हात कुणी लावला? डबा फेकणं म्हणजे हात लावणं नव्हे.

२१ तारीख
दोन हाडं, एक दात. हात बोटांपासून दंडापर्यंत प्लास्टरमध्ये. डॉक्टरला त्याने सांगितलं, जिन्यावरून पडलो. म्हटलं, आता दोरी माझीच. तर बाबा म्हणाले, डाव्या हाताने ओढेल. बायको बोलत नाही. घरात शांतता आहे, हेही नसे थोडके.

२५ तारीख, दुपारी ३
बाबांनी झेंड्याची घडी करून सुरगाठ मारून ठेवली. एका हिसक्यात सुटणारी. सगळे झोपल्यावर मी ती सोडून निरगाठ मारली. तीनदा. वर पाणी लावलं. उद्या चारचौघांत धाकटा ओढत बसेल. मग मोठा भाऊ मोठ्या मनाने पुढे येईल. योजना पक्की. हिंसा शून्य.

२६ तारीख, सकाळी ९
सगळी बिल्डिंग गच्चीवर. धाकट्याने डाव्या हातात दोरी घेतली. वळून म्हणाला, दादा, तूच ओढ, मान तुझा आहे. बाबांनीही मान हलवली. डोळे भरून आले त्यांचे.

ओढली. काही नाही. पुन्हा ओढली. तो भिंतवाला शेजारी हसला. संकल्प तिथेच संपला. कठड्याला पाय लावून सगळ्या ताकदीने हिसका दिला. पाइप बुडातून उखडला आणि माझ्या कपाळावर आला. रक्त भाषणाच्या कागदावर. 'एकोपा' एवढंच वाचता येतंय.

२६ तारीख, दुपारी, दवाखान्यात
सात टाके. डॉक्टर तोच. विचारलं, जिनाही तोच का.

बाबा शेजारी बसलेत. मांडीवर झेंड्याची पुरचुंडी, नखांनी गाठ सोडवतायत. विचारलं, ही कुणी मारली. मी पंख्याकडे पाहिलं. धाकटा म्हणाला, मी. बाबांनी त्याच्या प्लास्टरकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

मी म्हणालो, बाबा, इकडे द्या, मला सुटेल.

त्यांनी नर्सकडून कात्री मागून घेतली आणि धाकट्याच्या डाव्या हातात दिली.

मला राग आला नाही. आयुष्यात पहिल्यांदाच. आला असता तर बरं झालं असतं.