शिफारशीत सरूबाई नव्हती

नवघर, भाईंदर (पूर्व)
रविवार, दि. ८ मे १९९४

ज्या करुणेला आपले आणि परके हा भेद ठाऊक नाही, त्या तथागतांच्या करुणेला प्रथम वंदन. तिच्या उजेडात लिहिताना लेखणीने आडवाट धरू नये, एवढेच मागणे.

चि. जीवन यास,

अनेक उत्तम आशीर्वाद व सप्रेम जयभीम.

तुझे पत्र पोचले. चंद्रपूरच्या उन्हाळ्याचे वर्णन वाचून तुझ्या आईने दोन दिवस पंखा लावू दिला नाही. "लेकरू तिकडं भाजतंय आन् आपण वारा घ्यायचा का?" असे तिचे म्हणणे. नाथा आणि पंढरीनाथ तुझ्याच खोलीत राहतात आणि घरची पत्रे तिघे मिळून वाचता, हे कळल्यापासून मी अक्षर जरा मोठे काढतो. पंढरीनाथाच्या वडिलांचे डोळ्यांचे काम झाले का, ते कळव.

इकडे सर्व कुशल. टँकर दिवसाआड येतो. सूनबाई सौ. मनोरमाने कुरडया घातल्या आहेत, त्यामुळे गच्चीवर कावळे आणि तुझी आई यांचे युद्ध चालू आहे. विहाराचे पत्रे बदलून झाले, वैशाख पौर्णिमेच्या आत आतून चुना होईल. मिठागरांच्या बाजूला आणखी दोन इमारती उभ्या राहत आहेत. संध्याकाळचा वारा आता त्यांना वळसा घालून येतो. माझी प्रकृती ठीक आहे.

आता मूळ गोष्ट. तू लिहिले होतेस, "बाबा, पंचशीलेला तुम्हीच आवरा. माझे ती ऐकणार नाही, पण तुमचा शब्द मोडणार नाही." बापाने आजोबावर सोपवलेले ते काम मी कसे केले, हे सांगण्यासाठीच आज बसलो आहे. एका बैठकीत लिहून होईल असे दिसत नाही. हात मध्ये मध्ये विसावा मागतो.

तुला या प्रकरणाची सुरुवात तुटक कळली असेल. दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेपूर्वी तिच्या कॉलेजातील बाईंनी फळ्यावर एक सूचना लावली होती. परदेशांतील सेवाभावी संस्था विद्यार्थ्यांना काही काळ कामासाठी बोलावतात, इच्छुकांनी भेटावे, अशी. इतर मुली वाचून पुढे गेल्या. आपली थांबली. ग्रंथालयातून तिने पत्ते उतरवून घेतले आणि हिवाळाभर हवाई टपालाची पाकिटे पाठवली. बहुतेक ठिकाणांहून काही आले नाही. काहींनी सभ्यपणे नकार कळवला. स्कॉटलंडमधील एका वृद्धाश्रमाने मात्र विचारपूस केली. वर्षभर तेथे राहायचे, म्हाताऱ्या माणसांना भरवायचे, न्हाऊ घालायचे, त्यांच्याजवळ बसायचे. राहणे, जेवण आणि प्रवास संस्थेकडे. कॉलेज तिची जागा वर्षभर राखून ठेवणार आहे.

तुझ्या आईला हे कळले तेव्हा तिने एकच प्रश्न विचारला, की इथले म्हातारे काय संपले आहेत का.  

मी प्रथम उपदेशाचा मार्ग घेतला. रविवारच्या वंदनेनंतर विहारातच तिला समजावले, की परमुलखात एकट्या मुलीने जाऊ नये. एखादी मैत्रीण मिळाली तर पुढे पाहू. मनोरमाचीही तीच अट होती. बायका सतरंज्यांच्या घड्या करत होत्या. सर्वांच्या देखत पंचशीला म्हणाली, "आजोबा, मागच्या वर्षावासात तुम्हीच सांगितलंत ना, भगवंतांनी भिक्खूंना चारी दिशांना पाठवलं, आणि एका वाटेनं दोघं जाऊ नका म्हणाले? मग मीच का सोबत शोधत बसू?"

बायका हसल्या. तुझी आई सगळ्यांत मोठ्याने. "आता बोला की," ती म्हणाली, "यांचा धम्म दुसऱ्यांच्या लेकरांसाठी हाय."

जीवन, वर्षावासाचे तीन पावसाळी महिने रोज संध्याकाळी मी वस्तीत ग्रंथ वाचतो, अर्थ सांगतो. ऐकणाऱ्यांपैकी कोणी ते इतके मनावर घेत असेल अशी माझी कल्पना नव्हती.

दुसरा मार्ग तिनेच माझ्या हातात दिला. संस्थेला दोन शिफारशी हव्या होत्या. एक कॉलेजातून, ती बाईंनी दिली. दुसरी अर्जदाराला लहानपणापासून ओळखणाऱ्या, समाजात धार्मिक जबाबदारी असलेल्या वडीलधाऱ्या व्यक्तीची. नाते असेल तर ते लपवू नये, असेही लिहिले होते. आपल्या वस्तीत लग्ने लावणारा, मुलांना नावे देणारा आणि मृताच्या घरी वंदना घेणारा मीच. तेव्हा शिफारस माझ्याकडे आली. मी मराठीत लिहावी आणि तिने तिचे इंग्रजी करावे असे ठरले, कारण माझे इंग्रजी पाकिटावरच्या पत्त्यापुरतेच आहे.

खोटे न बोलण्याच्या चौथ्या शीलाला साक्षी ठेवून मी लिहिले. ही माझी नात आहे, हे पहिल्या वाक्यात. मग लिहिले, की ती उशिरा उठते. वडीलधाऱ्यांना उलट बोलते. वाद हाती घेतला की सोडत नाही, समोरचा दमला तरी सोडत नाही. तिला कोणी हुकूम केलेला चालत नाही. स्वयंपाकात तिचे लक्ष नसते. शेवटी तिची परीक्षेतील श्रेणी आणि शरीरप्रकृती निरोगी असल्याचे.

यातले एक अक्षर खोटे नाही. मनोरमाला विचार.

कागद तिच्या हाती देताना माझ्या मनात काय होते तेही लिहितो. मला वाटले, ती रागाने हे फाडून टाकील. नाही तर इंग्रजी करताना कठीण शब्द मऊ करील, आणि मग खोट्याच्या पायावर सेवेला जाता येत नाही असे मला तिला बजावता येईल. दोन्हींपैकी काही झाले तरी तुझे काम झाले असते. तिने कागद वाचला. एकदा माझ्याकडे पाहिले. टेबलापाशी बसून इंग्रजी केले, माझी सही घेतली आणि टपालात टाकून आली. त्या दिवशी ती माझ्याशी नेहमीसारखीच बोलली. 

गेल्या आठवड्यात उत्तर आले. तेथील व्यवस्थापिकाबाईंनी ते माझ्याच नावे लिहिले होते. पंचशीलेने ओट्यावर बसून आम्हा सर्वांना मराठीत वाचून दाखवले. "तुमच्या पत्रात तुम्ही लिहिता की ती उशिरा उठते, वडीलधाऱ्यांना उलट बोलते, वाद सोडत नाही..." अशी एकामागून एक सर्व वाक्ये बाईंनी पुन्हा लिहिली होती. एकही गळले नव्हते, एकही मऊ झाले नव्हते.

मनोरमाच्या हातातील कुरडई तशीच राहिली. "मामा, हे तुम्ही लिहिलंत?" मग लेकीकडे वळून, "आणि तू तसंच्या तसं इंग्लिश केलंस? वेडी आहेस का गं? त्यांना कुठे मराठी कळतंय?"

"मग काय करू? बदलू?" पंचशीला म्हणाली. "सही आजोबांची आहे."

सुनेने त्या दिवसापासून मला ताट वाढले, पण शब्द वाढला नाही. तिचा राग योग्य आहे आणि तो तिने ठेवावा.

पत्राच्या शेवटी बाईंनी मला एक प्रश्न विचारला होता. आमच्याकडील काही वृद्ध अखेरच्या दिवसांत असतात, चिडतात, ताट लोटतात, मनाला लागेल असे बोलतात. तुमची नात अशा माणसाजवळ टिकेल काय? याचे उत्तर तुमच्याकडून आल्यावरच आम्ही निर्णय करू.

येथे मी दुपारी लेखणी ठेवली होती. आता ऊन उतरले आहे.

जीवन, जे लिहायचे मी आधी तेथे टाळले आणि आज तुझ्यापाशीही टाळत आलो, ते सरूबाईविषयी आहे. जुन्या नवघर गावातील ती आगरी म्हातारी तुला आठवत असेल. तिच्याच शेतावर उभ्या राहिलेल्या इमारतीत तिचे मुलगे राहतात. गेल्या वर्षी तिचे एक अंग लुळे पडले. सून कामावर जाई. पंचशीला त्यांचे भांडे परत द्यायला गेली असता तिने म्हातारीला उपाशी, ओल्या अंथरुणात पाहिले. तिने तिला पुसले, कोरडे केले आणि भात कालवून पुढे धरला. म्हातारीने तोंड फिरवले. "तुमचे हातचा मी खानार न्हाय," असे ती म्हणाली.

घरी येऊन पोरीने हे सांगितले, तेव्हा माझ्या अंगातून बालपण सरकत गेले. मी म्हणालो, पुन्हा त्या दारात पाऊल टाकायचे नाही. आपण अपमान गिळण्यासाठी दीक्षा घेतलेली नाही. ती माझ्याशी वाद घालत राहिली आणि दुसऱ्या दिवशी गेली. म्हातारीशीही वाद घालत राहिली. मी एकदा रागाने तिला आणायला गेलो आणि दाराशी थबकलो. आत ती सांगत होती, "नका खाऊ. मीही इथेच बसते उपाशी. बघू आधी कोण दमतं."

म्हातारी दमली. पुढे पुढे तर संध्याकाळ झाली की ती दाराकडे डोळे लावून बसे, आणि सुनेने घास पुढे केला की म्हणे, ती पोर येऊं दे, मंग जेवेन. शेवटच्या दिवशी तिचे ओठ पंचशीलेनेच ओले केले. मुलगे बाहेर उभे होते. तिने त्यांना आत बोलावले, त्यांच्या हाती वाटी दिली आणि ती बाजूला झाली. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

शिफारशीत मी तिचा वाद लिहिला, तो वाद कोणाशी घातला ते लिहिले नाही. मी विहारात सांगत असतो, की वाणी नुसती खरी असून भागत नाही. ती हिताची असावी, वेळेवर असावी, मैत्रीने बोललेली असावी. माझी वाक्ये खरी होती. बाकीचे तिन्ही मी वगळले होते. आणि ती इंग्रजी करत बसली तेव्हा तिला माहीत होते, की यात सरूबाई नाही. एक ओळ घालणे तिच्या हातात होते. ती ओळ न वाचताच मी सही केली असती.

हे मी का केले याचे कारण तुझी आज्ञा, असे मी दोन दिवस स्वतःला सांगून पाहिले. तसे नाही. वर प्रकृती ठीक आहे असे लिहिले, तेही पुरते खरे नाही. पायांवर सूज असते. जिना उतरताना थांबावे लागते. डॉक्टर हृदयाचे काहीसे सांगतात. गोळ्या चालू आहेत, काळजीने धावत येऊ नकोस. संध्याकाळी पंचशीला माझ्या पायांना तेल लावते आणि माझ्याशी वाद घालते. सरूबाईच्या खाटेवर मी स्वतःला पाहिले होते, आणि दाराकडे डोळे लावून तिची वाट पाहतानाही पाहिले होते. म्हणून सरूबाई शिफारशीत आली नाही.

काल मी उत्तर लिहिले. सरूबाईची सर्व हकीकत लिहिली, तिचे शब्द होते तसेच लिहिले, आणि शेवटी लिहिले, की ताट लोटणाऱ्या माणसाजवळ ही मुलगी टिकते, हे मी पाहिले आहे. इंग्रजी करायला कागद पुन्हा तिच्याच हाती गेला. सरूबाईपाशी आल्यावर तिचे पेन थांबले.

"आजोबा, हे आधी का नाही लिहिलंत?"

"तू जाशील म्हणून."

तिने माझ्या पायांकडे पाहिले. मला वाटले, आता ती न जाण्याचे काही बोलेल, आणि ते मला ऐकावेसे वाटेल. मी तेवढ्यात म्हणालो, "इंग्रजी पूर्ण कर. टपाल निघायच्या आत गेलं पाहिजे."

तिने पूर्ण केले. सही मी केली आणि पाकीटही या वेळी मीच टाकून आलो. जिना उतरायला वेळ लागला, पण कोणाचा हात घेतला नाही.

तेव्हा तुझे काम माझ्याकडून झाले नाही. झाले ते उलट झाले. बोलावणे येईल असे मला वाटते. आले तर पासपोर्टच्या चौकशीला आणि निरोपाला तू रजा काढून ये. "जा" हा शब्द तिला बापाच्या तोंडून ऐकू दे. ती तो मागणार नाही, मागायचा तिचा स्वभाव नाही, आणि त्याच्यावाचून ती जाईलही. पण परमुलखात अनोळखी म्हाताऱ्याला घास भरवताना बाप रागावलेला आहे हे तिच्या मनात असू नये. माझ्या पायांच्या तेलाचे मनोरमा पाहीन म्हणाली. गेल्या आठवड्यातील तिचे माझ्याशी हे पहिले वाक्य, म्हणून ते मी येथे नोंदवतो. तुझी आई सांगते, की पोरीसाठी लोकरीचा स्वेटर तिकडूनच घे, इकडचे पातळ असतात.

तुझी प्रकृती सांभाळ. कारखान्यात भट्टीजवळ काम असेल त्या दिवशी पाणी जास्त पी.

हे पत्र तू वाचशील, नाथा आणि पंढरीनाथ ऐकतील, कदाचित पुढे कधी पंचशीलाही वाचेल. वाचणाऱ्या आणि ऐकणाऱ्या प्रत्येकाचे मंगल होवो. ज्याला जायचे आहे त्याला वाट मिळो, जो मागे राहतो त्याचे मन मोकळे राहो, आणि अखेरच्या घटकेला कोणाच्याही ओठांना पाण्याची वाट पाहावी लागू नये.

तुझा पिता,
कोंडिराम