आईची फ्रेम

जामखेड,
१३ फेब्रुवारी २०२४

चि. अनन्या,

अनेक आशीर्वाद. फोन करायचा सोडून बाबा पत्र काय लिहीत बसले, असं तुला वाटेल. फोनवर बोलायला लागलो की आई पलंगावरून कान देऊन ऐकते, म्हणून हा खटाटोप.

इकडे थंडी ओसरली. तुरी निघाल्या, शेतं मोकळी झाली. परवा शेजारचे आबासाहेब गाडी घेऊन आले, रेहेकुरीला काळविटं बघायला चला म्हणाले. मी गेलो नाही. तू दिलेला डिजिटल कॅमेरा मात्र इतक्या वर्षांनीही उत्तम चालतोय. सुरुवातीला प्रत्येक फोटोनंतर अंगठा आपोआप रोल पुढे सरकवायचा खटका शोधायचा. तीस वर्षांची सवय. एकेक फ्रेम जपून वापरणारा मी, आता एका काळविटाचे शंभर फोटो काढतो आणि नव्वद पुसून टाकतो.

तू आईचा अलीकडचा एखादा चांगला फोटो मागितला होतास. दर वेळी मी विषय बदलला, ते तुझ्या लक्षात आलंच असेल. फोटो नाही, अनू.

तुला आठवत असेल, रोलची शेवटची फ्रेम आईची असायची. ती काढली की रोल धुवायला नगरला जायचा. "रात्रीची उरलेली भाजी मीच संपवायची, आणि रोलही मीच," असं म्हणत ती तांदूळ निवडता निवडता मान वर करायची. तिचे सगळे फोटो असेच, हातात सूप घेतलेले. आता कार्ड भरतच नाही. भरायच्या आत मी ते कॉम्प्युटरवर रिकामं करतो. त्यामुळे आईची पाळी कधी आलीच नाही, आणि इतक्या वर्षांत मला ते जाणवलंही नाही. तू मागितल्यावर सगळं धुंडाळलं. पक्षी, काळविटं, ढग. एका फोटोत अंगणाच्या कडेला तिची पाठ दिसते. फार वाईट वाटलं.

म्हणून रविवारी कॅमेरा घेऊन तिच्यासमोर बसलो. कामाला येणाऱ्या आक्काबाईने तिचे केस विंचरून दिले होते. "बाई, जरा हसा की," म्हणत होती. आईने कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "संपला का रोल?"

"नाही गं. यात रोल नसतो. अजून भरपूर जागा आहे."

"मग माझा कशाला काढताय?"

मी कॅमेरा मांडीवर ठेवला. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली, मग भिंतीकडे वळली. नगरच्या डॉक्टरांनी मला एकट्याला बाहेर बोलावून सांगितलं होतं, आता औषधाचा उपयोग नाही, घरी न्या. ते मी तिच्यापासून लपवलं, तुझ्यापासूनही. तिला ते त्या वेळी कळलं. आज सकाळी आक्काबाई म्हणाली, "सर, त्या दिसापास्नं बाईंनी पेज बी घेतली न्हाई."

फोटो पाठवत नाही. तूच ये. मी बोलावलं असं सांगू नकोस, सुट्टी मिळाली म्हण. आईच्या शेजारी बस. तुझा फोटो काढतो म्हणालो, तर ती नको म्हणणार नाही. तुझ्याबरोबर तिचाही निघेल.

शनिवारपर्यंत थांबू नकोस.

तुझे,
बाबा