काढून टाकलेली लाल पट्टी

प्रिय धाकट्या,

आईचे गुडघे कसे आहेत? तिला विचारलं तर ती "मस्त" म्हणणार, म्हणून तुला विचारते. जिना उतरताना ती कठडा धरते की तुझा खांदा, एवढं सांगितलंस तरी मला कळेल. हल्ली फोन केला की तू "मीटिंगमध्ये आहे" म्हणतोस. असशील. पण मीटिंगमध्ये मागे आई खोकत नसते रे. म्हणून लिहायला बसले. घाबरू नकोस, भाषण ठोकणार नाही. लहानपणी तू मला भोंगा म्हणायचास; आज भोंग्याचा आवाज बसलाय असं समज.

टकळीला काल भेटून आले. घरोघर जाऊन रुग्ण बघणाऱ्या आम्हा नर्सबायांत सगळ्यात बडबडी ती, म्हणून ते नाव. आता गप्प असते. निलंबनाचा कागद आल्यापासून गणवेश धुऊन, इस्त्री करून खुर्चीवर ठेवते आणि त्याच्यासमोर बसते. मी तासभर बोलत होते. निघताना तिने एवढंच विचारलं, "ताई, काकू माझ्यावर रागावल्यात का गं?"

काकू म्हणजे गेलेल्या शिंपीकाकांची बायको. त्या दिवशी नेमकं काय झालं ते तुला वरिष्ठांनी आपल्या पद्धतीने सांगितलं असेल, माझ्याकडूनही ऐक. आमच्या फोनपासून कार्यालयातल्या रुग्णाच्या माहितीपर्यंतची जोडणी, ती वाट, तू बांधलीस. कुणा चोराला आत शिरता येणार नाही अशी पक्की. मी आमच्या संघटनेच्या सभेत छाती फुगवून सांगितलं होतं, माझ्या भावाचं काम आहे हे. पण त्या वाटेवरून आम्ही कशा चालतो, ते बघायला तुमच्या विभागातून कधी कुणी आलं नाही. फोन झोपला की आत शिरायला नवा कोड लागतो आणि रेंज नसली की कोड येत नाही. म्हणून रुग्णाचं पान आम्ही रस्त्यावरच उघडतो आणि काम संपेपर्यंत काचेवर अंगठा फिरवत राहतो. नव्या मुलीला पहिल्याच दिवशी शिकवतो, "बाळाला थोपटतेस तसं थोपट, फक्त झोपू देऊ नकोस." यावर किती हसायचो आम्ही!

काका तळघरातल्या खोलीत राहायचे, तिथे रेंज नाही. टकळीने फाटकाशी पान उघडलं, थोपटत खाली गेली. पायाची जखम धुताना तिचे हात अडकले, तेव्हा काकूंनी फोन घेऊन थोपटला. आमच्या सगळ्या रुग्णांच्या घरच्यांना ते जमतं. तेवढ्या वेळात तिकडे रक्ताचा अहवाल आला आणि डॉक्टरांनी इन्सुलिन निम्म्यावर आणलं. टकळीने हात पुसले, पान पाहिलं आणि पानावर होतं तेवढं, म्हणजे जुन्याच प्रमाणाचं, इंजेक्शन दिलं. वाट केव्हाच तुटली होती, पान मात्र जिवंत असल्यासारखं चमकत होतं. संध्याकाळी काकांची साखर उतरली ती उतरलीच.

आणि आरोप काय, तर निष्काळजीपणा, शिवाय रुग्णाची माहिती परक्याच्या हाती दिली. परकी! ज्या बाईने जन्मभर त्या माणसाची जखम बांधली, ती परकी! सुरक्षितता म्हणजे काय रे? कुलूप शाबूत राहिलं आणि आतला माणूस गेला, याला सुरक्षित म्हणायचं? ज्या वाटेवर पाय टाकल्यावर ती खाली आहे की नाही हे कळत नाही, तिला वाट म्हणायचं? बघ, आलंच भाषण.

पूर्वी वाट तुटली की पानावर लाल पट्टी यायची. ती दिसली की आम्ही काम थांबवून, रेंज असेल तिथे जाऊन कार्यालयाला फोन करायचो, प्रमाण विचारून घ्यायचो. मग एक दिवस पट्टी दिसेनाशी झाली. आम्हाला वाटलं, रेंज सुधारली! मी सभेत तुमच्या विभागाचे आभार मानले, बायांनी टाळ्या वाजवल्या. काका गेल्यानंतरच्या रविवारी तू माझ्या स्वयंपाकघरात, फ्रीजला टेकून, लहान पोरासारखा रडलास. "पट्टी काढायला लावली गं त्यांनी. म्हणे बाया पट्टी बघून अडून बसतात, भेटी कमी होतात. मी नको म्हटलं, तर साहेब म्हणाले, तू वायरी सांभाळ." मी तुझं डोकं खांद्यावर घेऊन पाठीवरून हात फिरवत राहिले. त्या दिवशी मी कुठल्याच संघटनेची नव्हते.

परवा चौकशी आहे. जोडणी सुरक्षित आणि अखंड होती, असं सांगायला कार्यालय तुला उभं करणार आहे. टकळीच्या बाजूने तुला प्रश्न विचारायला संघटनेने मला नेमलंय. मी नाही म्हणू शकले असते. म्हटलं नाही. मी तुला विचारणार आहे, पट्टी कुणी काढायला लावली? माझ्या घरात, माझ्या खांद्यावर डोकं ठेवून तू सांगितलंस तेच मी तिथे, सगळ्यांसमोर विचारणार आहे. खरं बोललास तर तुझी नोकरी जाईल. तू आणि आई माझ्या दोन खोल्यांत या, दाटीवाटीने राहू. खोटं बोललास तर टकळीचा परवाना जाईल आणि मी तुला तिथेच खोटा म्हणेन, भावाबिवाचं बघणार नाही. त्यानंतर तू माझ्या दारात येशील की नाही, मला माहीत नाही. तो प्रश्न तुझ्या कानावर पहिल्यांदा त्या खोलीत, परक्या माणसांत पडू नये, एवढ्यासाठी हे लिहिलं. आईला यातलं काही सांगू नकोस. परवा काहीही झालं तरी तिला जिना उतरताना धर.

तुझीच, तू नको म्हणालास तरी,
ताई